नोंद न केलेली गोळी

प्रिय धाकटे,

फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. चार महिने झाले. आपण दोघी बाबांकडे जातो, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतो, भांडी आवरतो आणि एकमेकींकडे न बघता आपापल्या वाटेने निघतो. म्हणून लिहितेय. एकटी असशील तेव्हा बसून वाच.

बाबांचं बरं आहे. ऑपरेशन केलेल्या डोळ्याने आता पेपरातली बारीक अक्षरंही वाचतात, आणि कोणी ऐको न ऐको, मोठ्याने वाचतात. परवा माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, "तुझे केस केवढे पिकलेत गं! मला दिसतच नव्हतं." मी हसले, तेही हसले. मग त्यांनी शब्दकोडं पुढे ओढलं आणि अर्ध्यावर पेन ठेवून दिलं. उरलेले शब्द तुझी भिंगरी भरायची. तिचं नाव ते माझ्यासमोर काढत नाहीत. मीही काढत नाही.

तू माझी शाळेतली नर्सची खोली पाहिली आहेस, पण तिथलं काम कधी पाहिलं नाहीस. एक पलंग, एक वजनकाटा, भिंतीत औषधांचं कपाट. कपाटाला दोन कुलुपं. आत प्रत्येक मुलाची वेगळी पिशवी, तिच्यावर फोटो, नाव, औषध, मात्रा आणि वेळ. पालकांच्या सहीचा फॉर्म आणि डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय मी साधी तापाची गोळीसुद्धा आत ठेवत नाही. मधली सुट्टी झाली की रांग लागते. दम्याची तिघं आपापले पंप घेऊन जातात. साखरेची मुलगी बोट टोचून आकडा मला दाखवते आणि आकडा चांगला असला तर आख्ख्या रांगेला दाखवते. एक पठ्ठ्या गोळी गालात दडवतो, म्हणून त्याला मी गोळीनंतर सातही वारांची नावं म्हणायला लावते. दिली की लगेच रजिस्टरात वेळ आणि सही. मागाहून भरू म्हटलं की विसरतं. चौदा वर्षांत माझी एक ओळ रिकामी राहिली नाही. शाळेतल्या शिक्षिका म्हणतात, हिला झोपेत उठवलं तरी आधी सही करेल.

त्या रजिस्टरात भिंगरीचं नाव कधीच नव्हतं.

मला तो दिवस लख्ख आठवतो. तू फॉर्म घेऊन आलीस, माझ्या पलंगावर बसलीस आणि तो तसाच कोरा पर्समध्ये ठेवलास. आधीच्या शाळेत तिला वर्गात एकदा फिट आली, आणि त्यानंतर पोरं तिच्या बाकाजवळून जाताना मुद्दाम थरथरून दाखवायची. बाईंनी तिला एकटीला पुढे बसवलं. सहलीला नेलं नाही. आठ वर्षांची पोर सकाळी दप्तर घेऊन दारात बसायची आणि उठायची नाही. तू म्हणालीस, "ताई, एकदा कागदावर आलं की ती पुन्हा फिटवाली होणार. तू आहेस ना तिथे? मग कागद कशाला?" मी नाही म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही आईला मी दारातून परत पाठवलं असतं. पण तू रडत होतीस, आणि खरं सांगू, मला बरंही वाटलं होतं. मी असताना काय होणार, असं वाटलं.

दोन वर्षं काही झालं नाही. रोज मधल्या सुट्टीत रांग संपली की ती बँडेजच्या गुंडाळ्या करायच्या निमित्ताने यायची. गोळी घ्यायची, पाणी प्यायची आणि खरोखरच गुंडाळ्या करायची, माझ्यापेक्षा नीट. "मावशी, आज माझ्या डोक्यातली वायरिंग ठीक आहे," असं सांगून पळायची. तिला मैत्रिणी मिळाल्या. धावण्याच्या संघात घेतलं तेव्हा तू मला फोनवर किती वेळ नुसतीच हसत होतीस! ती दोन वर्षं आपण तिला दिली, हे मी कोणाला नाकारू देणार नाही. फक्त ती कशावर उभी होती, ते आपल्या दोघींनाच ठाऊक होतं.

फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर नाकात मारायचा फवारा तू मला आणून दिला होतास. तो कपाटात ठेवता येईना, कारण नावाची पिशवी नाही. मी तो माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत घातला आणि टेबलाच्या खणात, पंचिंग मशीनच्या मागे ठेवला. वर चिठ्ठी नाही, काही नाही.

बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी तुला सुट्टी मिळेना. "ताई, तू जा ना," म्हणालीस, आणि मी गेले. यात तुझा दोष नाही, मी नुसतं झालं तसं सांगतेय. आदल्या दिवशी मी भिंगरीच्या कंपासपेटीत कागदात गुंडाळून गोळी ठेवली आणि म्हटलं, उद्या आपली आपण घे. ती म्हणाली, "हो गं, मी काय लहान आहे?" माझ्या जागी बदलीच्या बाई आल्या होत्या. निवृत्त नर्स, चाळीस वर्षं इस्पितळात काढलेल्या. त्यांना मी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, रजिस्टर दाखवलं, गोळी गालात दडवणाऱ्या पठ्ठ्याबद्दलसुद्धा सांगितलं. भिंगरीबद्दल सांगितलं नाही. जीभ वळवळली होती, पण मग म्हटलं, एका दिवसाने काय होतंय.

दुपारी प्रयोगशाळेबाहेर ती पडली. बाईंनी सगळं बरोबर केलं. तिला कुशीवर वळवलं, आपला स्वेटर डोक्याखाली घातला, घड्याळ लावलं, पहिल्याच मिनिटाला रुग्णवाहिका बोलावली. मग धावत जाऊन कपाट उघडलं. पिशवी नाही. रजिस्टर पाहिलं. नाव नाही. ऑफिसने तुला फोन केला, तू मीटिंगमध्ये होतीस. मला केला, तर ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पाटीचं ऐकून मी फोन बंद ठेवला होता. रुग्णवाहिकेला सव्वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो फवारा तिथून वीस पावलांवर माझ्या खणात पडून होता. फवारा मिळाला असता तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. हे वाक्य मला ओळखीचं आहे. मीही पालकांना असंच सांगते.

इस्पितळातले ते अकरा दिवस. त्यांच्याबद्दल मी तुला काय लिहू? तू तिचा हात सोडला नाहीस.

बाराव्या दिवशी ती गेली, तेव्हा तू सगळ्यांसमोर बदलीच्या बाईंकडे बोट करून म्हणालीस, "हिने माझी मुलगी मारली. शाळेला सगळं माहीत होतं." मी तुझ्याशेजारी उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस, एकच क्षण. मी मान खाली घातली. तिथून पुढे सगळे धरून चालले की फॉर्म दिला होता, औषध होतं आणि बाईंच्या हलगर्जीपणाने दोन्ही हरवली. चौकशी समितीने मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला आठवत नाही. मला! आणि हे तुलाही ठाऊक नाही: भिंगरी पडली त्याच संध्याकाळी ती डबी मी घरी आणली. कोणी खण उघडायच्या आत. इस्पितळात तुझ्याकडे यायच्या आधी मी शाळेत गेले होते, धाकटे. रस्त्यात खूप गर्दी होती असं तुला सांगितलं, ते खोटं होतं.

गेल्या मंगळवारी बदलीच्या बाई शाळेत आल्या. ओरडायला आल्या असतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "एकदा कपाट बघू द्याल?" मी उघडलं. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला आणि एकेक पिशवी बाहेर काढून, नाव वाचून, परत जागेवर ठेवली. मग रजिस्टरच्या त्या पानावरून वरून खाली बोट फिरवलं, पुन्हा खालून वर. "कुठल्या कप्प्यात होतं हो ते औषध? मी तर सगळं पाहिलं होतं. घरी म्हणतात, वय झालं, नजर चुकली असेल. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. रोज आठवून बघते, पण ती पिशवी दिसतच नाही." पुढे हळूच म्हणाल्या, "तुमच्या भाचीचं नाव मी रोज घेते. माफ करा." माझी माफी मागत होत्या. मी त्यांना पाणी दिलं. पाणी!

उद्या अकरा वाजता समितीची शेवटची बैठक आहे. ठपका बाईंवर ठेवायचा, असं जवळजवळ ठरलंय. मी आत जाणार आहे, डबी टेबलावर ठेवणार आहे आणि सांगणार आहे की नोंद मी केली नाही, औषध मी लपवलं, नंतर पुरावाही मीच उचलला. कोणी कितीही विनवण्या केल्या तरी नाही म्हणायचं काम माझं होतं, हेही सांगेन. तुझं नाव मी आपणहून घेणार नाही. पण फॉर्म दिला होता का, असं विचारलं तर नाही म्हणेन. ते विचारतीलच. नोकरी जाईल, तिचं काही नाही. तू जाशील, याची भीती वाटते. चार महिने मी त्याच भीतीने गप्प राहिले आणि त्याला तुझी काळजी म्हणत राहिले. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. राग माझ्यावर काढ, जन्मभर काढ. त्या बाईंना मात्र आता मोकळं करू या. तू आलीस तर आपण दोघी मिळून सांगू. मी साडेदहाला शाळेच्या फाटकाशी उभी असेन. नाही आलीस तरी पावणेअकराला आत जाईन.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
ताई