तीन पट्टे आणि लाल रेघ

गुरुवार, निपाणी

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही. तिसरीच्या वह्या तपासत होते. चित्र काढा आणि खाली नाव लिहा, एवढंच होतं. संजना खानापूरहून यंदाच आमच्या शाळेत आलीय. तिनं खार काढली होती, पाठीवरचे तीन पट्टे अगदी जपून ओढलेले. खाली लिहिलं होतं, चानी. मी लाल पेनानं काट मारली. ती रेघ पट्ट्यांवरूनही गेली.

ती टेबलाशी आली. "बाई, आमच्यात समदी चानीच म्हणत्यात."

"पुस्तकात खार आहे. तेच लिहायचं."

ती जागेवर जाऊन बसली.

असं का म्हणाले मी? तिच्या खानापूरजवळच्याच गुंजीत माझं लहानपण चान्यांमागं पळण्यात गेलं. इथं नोकरी लागल्यावर कुणी हसू नये म्हणून गावाकडचे शब्द एकेक करून सोडले. पण ते माझे मी सोडले. तिचे का काढून घ्यायचे?

संध्याकाळी आईचा फोन आला. "परसातला फणस चानीनं पोखरला बघ."

"विहिरीकडचा? मग चानीला हाकलायचं न्हाय व्हय गं?" मी बोलून गेले, आणि माझेच शब्द माझ्या कानावर आले.

फोन ठेवून घरी आणलेल्या वह्यांतली संजनाची वही उघडली. चानीपुढं बरोबरची खूण केली. पट्ट्यांवरची रेघ मात्र खोडरबरानं घासून कागद विरला, तरी जाईना. शाई पुसत नाही, तेव्हा विचार करून लिहा, हे वर्गात रोज मीच सांगते.