लाल रंगात लिहिलेला ‘हिरवा’

प्रति,
माननीय अध्यक्ष,
स्वयंसेवक सुरक्षा समिती,
मेंदू उत्तेजन संशोधन केंद्र, दुसरा मजला.

अर्जदार: स्वयंसेवक क्रमांक अकरा, निरोगी गट. (कागदावर नावे घालू नयेत हा केंद्राचाच नियम आहे.)

विषय: अर्जदाराच्या चाचणीतील घसरण विजेच्या प्रवाहाने नव्हे तर अक्षरओळखीने झाली असल्याने, थांबवलेली सत्रे पुन्हा चालू करण्याबाबत.

संदर्भ: सर्व सत्रे पुढील आदेशापर्यंत बंद असल्याची, दारावर लावलेली आपली सूचना. (अर्जदाराने ती स्वतः वाचली.)

महोदय,

सविनय अर्ज असा की,

१. ज्या वर्षी अर्जदाराच्या धाकट्या दिराने पासष्टाव्या वर्षी दुसरे लग्न केले, त्याच वर्षी अर्जदाराच्या पतींनी बोलणे सोडले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या की लोक त्यांची गाठ मारतात, म्हणून आधीच सांगून ठेवले. पती दुकानांच्या पाट्या रंगवीत असत. पुढे पाट्या यंत्रावर छापून येऊ लागल्या आणि यांचे ब्रश डब्यात वाळून काड्या झाले. मग ते भिंतीकडे तोंड करून बसू लागले. भिंतीवर काहीही लिहिलेले नव्हते. “जेवता का?” विचारले तर मान हलवत, “झोपता का?” विचारले तरी तीच मान.

२. मुलीने आपल्या केंद्राची माहिती काढली. डोक्याला ना सुई, ना चीर. ओल्या स्पंजाच्या दोन चकत्या कपाळावर पट्ट्याने बांधायच्या आणि त्यांतून अगदी बारीक वीज सोडायची. मुंग्या येतात, बाकी काही नाही. याने उदास माणसाचे मन वर येते का, ताण उतरतो का आणि मनाचा लगाम घट्ट होतो का, हे केंद्राला तपासायचे होते. पती एकटे यायला तयार होईनात. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, तुम्ही पण बसा की. आम्हाला निरोगी माणसंही हवीच आहेत.” अशा रीतीने पती क्रमांक दहा झाले व अर्जदार अकरा. जन्मभर त्यांच्या मागून चालत आली, तोच क्रम राहिला.

३. मनाचा लगाम तपासण्याची चाचणी समितीस ठाऊक आहेच, तरी लिहिते. पडद्यावर रंगाचे नाव येते, पण ते लिहिलेले असते दुसऱ्याच रंगात. ‘हिरवा’ हा शब्द लाल रंगात. शब्द वाचायचा नाही, रंग सांगायचा. शिकलेली माणसे इथे अडखळतात, कारण कोणी विचारण्याआधी डोळा वाचून मोकळा होतो. अर्जदार सूत रंगवण्याच्या कारखान्यात कढईपाशी उभी राहून म्हातारी झाली. सही करता येई, तीही चित्र काढल्यासारखी. वाचता येते का, हे कोणी विचारले नाही. संमतीचा कागद मुलीने वाचून दाखवला होता. पडद्यावर अर्जदाराला नुसते रंगाचे डाग दिसत आणि ती धडाधड सांगत सुटे. एकदा “हा हिरवा नाही, मोरपंखी आहे” म्हणून वाद घातला, तेवढाच उशीर. डॉक्टरीणबाईंनी बाहेरून आलेल्या पाहुण्यांना बोलावून दाखवले, “बघा, या वयात काय लगाम आहे मनाला!” अर्जदार खूश होती. तिला लगाम आहे असे घरात आजवर कोणी म्हटले नव्हते.

४. सत्रांनी पतींना थोडा फरक पडला. मान हलायची तिथे ‘हं’ येऊ लागले. पण ‘हं’वर संसार होत नाही. एके दिवशी अर्जदाराने नातवंडांनी टाकलेला खडू घेऊन फरशीवर ‘क’ काढून पाहिला. सहीतले तेवढे एक अक्षर सुटे येत होते. पती बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “हा क आहे? हा तर पोट दुखून वाकलेला माणूस आहे. आण तो खडू इकडे.” अर्जदाराने त्या दिवसापासून अक्षरे गिरवायला घेतली, ती शिकण्यासाठी नव्हे, चुकण्यासाठी. अक्षर वाकडे आले की ते बोलत. “पाटीवाल्याची बायको ना तू? आणि म ला शेंडी काढतेस?” असे टाकून बोलले की अर्जदाराला जेवण गोड लागे. पण चुकता चुकता अक्षर सुधारले. मुद्दाम चुकावे तर ते लगेच ओळखत आणि म्हणत, “नाटकं नकोत.” म्हणून खऱ्या चुकांसाठी जोडाक्षरांकडे जावे लागले. एकट्या ‘ज्ञ’ने त्यांना आठवडाभर बोलते ठेवले.

५. याच काळात अर्जदाराची चाचणी ढासळली. लाल रंगातला ‘हिरवा’ समोर आला की तोंडातून ‘हिरवा’ निघे. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. “आजी, झोप लागते ना? घरात काही ताण?” ताण कसला, घरात माणूस बोलत होता. परंतु प्रवाहाने धडधाकट बाईच्या मनाचा लगाम सुटला असा अर्थ निघाला, आणि समितीने सगळ्यांचीच सत्रे बंद केली. यात डॉक्टरीणबाईंना बोल लावता येणार नाही. ते आकडे पाहून कोणीही तेच म्हटले असते. खुद्द अर्जदारालाही तेच वाटले व तिने घाबरून कपाळाला थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या.

६. खरे कारण पतींनी ओळखले; तीच चाचणी त्यांचीही होत असे आणि ते पहिल्या दिवसापासून अडखळत होते. ते हसले. मोठ्याने हसले. म्हणाले, “अगं वेडे, तुला वीज नाही बाधली. तुला मी बाधलो.” मग त्यांनी वाळलेले ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले, एक लहान पाटी घासली आणि तिच्यावर लाल रंगात ‘हिरवा’ असे लिहिले. रंग वाळल्यावर पाटी समोर धरून विचारले, “रंग सांग.” अर्जदार म्हणाली, “हिरवा.” त्यांनी पाटी उलटी केली. अर्जदार तत्काळ म्हणाली, “लाल.” उलटे अक्षर अर्जदाराला अजून वाचता येत नाही. यापेक्षा जास्त पुरावा अर्जदारापाशी नाही. पाटी सोबत जोडली आहे.

७. सत्रे बंद झाल्यापासून पतींची वाक्ये पुन्हा आखूड होत चालली आहेत. परवा ‘क्ष’ साफ चुकला, तरी नुसते ‘हं’ म्हणाले. बाकावर शेजारी बसणारी क्रमांक चार, शिवणकाम करणारी बाई, सत्रांमुळे कुठे केस विंचरून येऊ लागली होती. ती अजूनही बंद दारापर्यंत येते, सूचना वाचते आणि परत जाते.

८. सबब विनंती की, अर्जदाराच्या घसरणीचे कारण ‘वाचता येऊ लागले’ असे लिहावे, जमल्यास कोणी शिकवले तेही लिहावे, आणि सत्रे चालू करावीत. हे मान्य होण्यासारखे नसल्यास अर्जदार शिकलेले विसरण्यास तयार आहे. तिने स्वतः प्रयत्न करून पाहिला. काही वाचायचे नाही असे ठरवून बाहेर पडली, पण औषधाची बाटली, साबणाचा कागद, जिन्यातले ‘पायरी जपा’, सगळे आपसूक वाचले जाते. पक्का रंगसुद्धा सोड्यात उकळला तर उतरतो, अक्षर उतरत नाही. केंद्राच्या यंत्राने ते काढता येत असेल तर अर्जदाराची संमती आहे. अट एकच, आधी पतींचे सत्र घ्यावे. मात्र त्यानंतर पती कोणाला रागावतील, याची व्यवस्था केंद्राने करावी.

अर्ज पतींनी तपासला आहे. निघालेल्या चुका दुरुस्त केल्या आहेत.

दार उघडण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
स्वयंसेवक क्रमांक अकरा
दिनांक ३ मार्च

सोबत: पाटी, एक. प्रथम सरळ धरावी, मग उलटी. काम झाल्यावर केंद्राने ठेवून घेतली तरी चालेल; पती दुसरी रंगवतील.

ता. क. दिनांक १४ मार्च.
अर्ज पोचवायचा राहून गेला होता, तो आज देत आहे. अर्ज मागे घेतलेला नाही. क्रमांक चार अजून दारापर्यंत येते. फक्त आठव्या परिच्छेदातील अट आता लागू नाही. पाटीबद्दलची वरची ओळही रद्द समजावी. पाटी परत मिळावी.

पुढील गोष्टीचा संबंध प्रवाहाशी जोडू नये, प्रवाह बंद असण्याशीही जोडू नये. डॉक्टरांनी हृदय बंद पडले असे सांगितले आहे. हा मजकूर कोणी तपासलेला नाही.

अर्जदाराचे पती, स्वयंसेवक क्रमांक दहा, पाट्या रंगवणारे, शुक्रवार दिनांक ९ मार्च रोजी दुपारी राहत्या घरी वारले.