एकच जागा

३ मार्च

खोली मिळाली! कोरगावात, कमलाक्षीबायच्या घरामागे. खाट, खिडकी, आतून लागणारी कडी. बदल्यात त्यांच्या बागेत राखण करायची, काजूबिया वेचायच्या.

दारू सोडून अकरा महिने झाले. व्यसनमुक्ती केंद्रातली सिद्धी — मला डिचोलीच्या स्टँडवरून उचलून नेणारी तीच — खूश होऊन म्हणाली, "दिनकर, तुम्ही हे कमावलंत!"

मी मान खाली घातली. तिला वाटलं, लाजलो.

४ मार्च

खाटेवर पडवेना. जमिनीवर चटई टाकली.

७ मार्च

बागेत काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास. त्यात खालच्या भट्टीवर हुराक, काजूची ताजी दारू, उतरतेय. तोंडाला पाणी सुटलं — शी! रस्त्यावर जाऊन सिद्धीला फोन लावला. घोट घेतला नाही. पण जे सांगायचं होतं, तेही सांगितलं नाही. उन्हाच्या गप्पा मारल्या.

१० मार्च

लिहूनच टाकतो.

खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, मी बाटलीत बुडालो. बायको माहेरी गेली. मग घरही गेलं. दोन वर्षं स्टँडवर काढली. सोबतीला गुरुदास, पाळी गावचा. तोही ड्रायव्हर. सकाळी पाववाल्या पोदेराकडचा एक उंडो दोघांत. मोठा तुकडा मला द्यायचा, वेडा!

त्या सकाळी सिद्धी आली. "केंद्रात एकच जागा आहे. गुरुदासचं नाव आधी आहे. येतोय ना तो?" गुरुदास भिंतीकडे तोंड करून झोपलेला. मी म्हणालो, "तो नको म्हणता. माका न्या."

खोटं! त्याला हाकसुद्धा मारली नाही मी.

१६ मार्च

डिचोलीला गेलो. स्टँडवर गुरुदास नाही. चहावाली सोनाली म्हणाली, "तेका म्हापशाच्या हॉस्पिटलात नेलो. आठ दिस जाले."

तसाच म्हापशाला. गुरुदासचे डोळे पिवळे, पोट फुगलेलं. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सगळं सांगितलं. त्यानं कूस बदलली. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

१७ मार्च

सिद्धीला सांगितलं. ती म्हणाली, "मी त्याला उठवून विचारायला हवं होतं." नाही! तिची कसली चूक?

कमलाक्षीबायसमोर चावी धरली. म्हटलं, "ही खोली माझी नव्हे." त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "चावी तुझ्याकडेच रवांदे. फाल्यां सकाळी पेज करून देतंय, ती घेवन जा तेका."

२० मार्च

तीन दिवस पेज नेतोय. गुरुदास जेवतो. माझ्याकडे बघत नाही.

२२ मार्च

आज गुरुदास बोलला.

"मी जागोच होतंय रे त्या दिसा. सगळां आयकलंय. भियालंय, म्हणान उठाक नाय."

वाडगा रिकामा करून मग विचारलं — "आता इलंय तर केंद्रात घेतीत माका?"