दोन नंबरची उमेदवार

४ मार्च

हरले! सात वर्षं कॅथेड्रलच्या ऑर्गनवर सहायक म्हणून काढली, आणि मुख्य वादकाची जागा बाहेरून आलेल्या माणसाला. शंभरात चार गुणांचा फरक.

परवा परीक्षेला आमच्यापुढे पडदा होता. आत कोण वाजवतंय ते पाच परीक्षकांना कळू नये, फक्त नंबर. मी दोन, तो तीन. परीक्षकांत सरही होते — माझे गुरू, निवृत्त होणारे मुख्य वादक. ते मला ओळखतील, मग लोक वशिला म्हणतील, म्हणून मी माझी सवयच मोडली. शेवटच्या स्वरमेळाआधी मी आधीच्या सुरांचा घुमार विरेपर्यंत थांबते. परवा थांबले नाही. कुणी बोट दाखवायला नको!

५ मार्च

दादा म्हणाला, "हात चालवलेस, पाय चालवलेस, वशिला तेवढा चालवायचा राहिला." हसले नाही.

७ मार्च

कॅथेड्रलच्या सचिवांकडून गुणपत्रक मागून घेतलं. प्रत्येक परीक्षकाकडे वीस गुण.

दोन नंबर: अठरा, एकोणीस, सतरा, अठरा, शून्य.

तीन नंबर: चौदा, चौदा, तेरा, पंधरा, वीस.

शून्यापुढे सरांची सही. विसापुढेही सरांचीच.

शून्य! एक सूर चुकला नव्हता. त्यांचे गुडघे गेले तेव्हा वर्षभर खालच्या पायपट्ट्या मी वाजवल्या, शेजारी अंग चोरून बसून. ते नुसते हात फिरवायचे. कौतुक त्यांचं. तेव्हा नाही वाटलं शून्य द्यावंसं?

आई म्हणते, "जाऊन तोंडावर विचार." नाही. तोंड उघडलं तर काय निघेल सांगता येत नाही.

८ मार्च

सरांचे तीन फोन. उचलले नाहीत.

९ मार्च

सर घरी आले. दारातच उभे राहिले. आईने या म्हटलं नाही, मीही नाही.

"तीन नंबर शेवटी थांबला गं, अगदी तुझ्यासारखा. मला वाटलं, तूच. दोन नंबर भारी पडत होता. तुझ्या आड येईल म्हणून त्याला शून्य दिलं."

सरांनी आवाज खाली आणला.

"हे आपल्यातच ठेव, पोरी. माझी चाळीस वर्षांची अब्रू आहे."

मी कोरा कागद आणला. पेनही. म्हटलं, "हेच सचिवांच्या नावे लिहा, सर."