काकीचे चार मेल

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुमचा मेलचा गट अजून मीच सांभाळतो. तुम्ही तो माझ्याकडे दिलात तेव्हा छाती फुगली होती. आता सरळ सांगतो, तुमचा राग येतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर गप्प घरी बसायचं सोडून तुम्ही संगणक शिकलात, रेवसच्या अलीकडची आपली चार खारगावं एका गटात आणलीत, मुंबईला आणि आखातात गेलेल्यांनाही ओढलंत, आणि वर नियम केलात की इथे कुणीही लिहावं. खाडीच्या बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात शिरायला लागलं की ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने ओरडायचं आणि बाकीच्यांनी चिखल घेऊन धावायचं. ओरडणारा कोण, हे कुणी विचारत नाही. गटही तसाच चालेल, म्हणायचात. बोलायला तुमचं काय जात होतं?

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. ओट्याला लागून टेबल, त्यावर संगणक. तुम्ही सुपात सुकट निवडताय आणि मी अडकलेले मेल एकेक करून मोठ्याने वाचतोय. लॉटरी लागली. गोरं व्हायचं मलम. चौलला वाडीसकट प्लॉट. 'पूस,' तुम्ही म्हणता. मग गावातल्या एका दारुड्याच्या शिव्या येतात. त्या मी न वाचताच पुसतो आणि त्याचा पत्ताही बंद करून टाकतो. तुम्ही सूप खाली ठेवता, तो मेल कचऱ्यातून परत काढायला लावता. शिव्यांच्या खाली लिहिलेलं असतं की उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी कुजलीय, भरतीचं पाणी आत येतंय. मला, दोन मुलांच्या बापाला, तुम्ही ओट्यासमोर उभं केलंत आणि म्हणालात, 'शाळेत मठ्ठ होतास. आता मठ्ठ आणि उर्मट झालास.' तुमची सून चहा घेऊन दारात उभी होती, तिने सगळं ऐकलं. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, नाहीतर त्या एका वाक्यासाठी मी तुमच्याशी आजही भांडलो असतो.

तुमच्या वेळी दिवसाला दहा-बारा फालतू मेल यायचे. नंतर शेकड्याने यायला लागले. कर्ज, जमिनीचे दलाल, उघड्या बायका. लोक मला फोन करून झापायचे, अरे, पोरीबाळी वाचतात हे! मी स्पॅमचा फिल्टर लावला, नवीन माणसाचा पहिला मेल अडवून ठेवायला लागलो. त्यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. सगळ्यांसाठी दार उघडं ठेवलं तर आधी दलालच आत येऊन बसतात, हे तुम्हाला कधी पटलं नसतं.

पण काकी दलाल नव्हती. बांधाच्या टोकाला एकटी राहणारी ती काकी, जिला तुम्ही प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवायला लावलीत. पुतण्याने फोन दिल्यापासून ती गटाच्या मानगुटीवरच बसली होती. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी शेळीचा फोटो, मध्येच कुणाच्या तरी सुनेची चहाडी. मुंबईची शिकलेली मंडळी गट सोडायला निघाली. मी काकीला एक शब्द न बोलता तिचा पत्ता फिल्टरमध्ये घातला. तिने काहीही लिहिलं तरी ते थेट कचऱ्यात. तिला वाटायचं, आपण गावाशी बोलतोय. गट किती स्वच्छ झाला म्हणून लोकांनी माझं कौतुक केलं, आणि मला ते आवडलं.

मग उधाण आलं. आता कुणी बांधावर उभं राहून ओरडत नाही, बाई. गटावर लिहिलं म्हणजे गावाला कळवलं असंच सगळे धरून चालतात, आणि पोकलेनही त्या मेलवरूनच निघतो. काकीने आदल्या सकाळी लिहिलं, 'उघारीजवल बांद चिरलाय. मानसा पाठवा.' सोबत फोटो. दुपारी पुन्हा. संध्याकाळी पुन्हा. दुसऱ्या दिवशी भरतीच्या आधी चौथा, 'कोन वाचतंय का न्हाय?' सांगितलं म्हणजे माणसं येणार, या भरवशावर ती दारात बसून राहिली. पोकलेनला अर्ध्या दिवसाचं काम होतं. चारही मेल मी नंतर कचऱ्यात वाचले. तोवर तिच्या एकुलत्या एका शेतात गुडघाभर खारं पाणी होतं. त्यात आता दोन पावसाळे तरी भात पिकणार नाही, आणि ती तेवढ्यावरच जगत होती.

देवळात बैठक झाली. बांधावर राहतेस आणि दिसलं नाही का, म्हणून सगळे तिच्यावर तुटून पडले. 'मी चार येला ल्हिला व्हता,' ती म्हणाली आणि फोन पुढे केला. तो कुणी हातातसुद्धा घेतला नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'आलं होतं का रे हिचं काही?'

मी म्हणालो, 'नाही.'

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही शिव्या घालणार. ती म्हणाली, 'माजाच कायतरी चुकला आसंल. मना कवा धड येतंय?' आणि मी, तुमचा विद्यार्थी, सगळ्यांसमोर म्हणालो, 'हो काकी, पत्ता चुकला असेल तुझा.' लोक हसले. मीही हसलो.

हे कुठे पाठवायचं नाहीये. तुमचा पत्ता अजून गटात आहे, पण तिथे टाकलं तर सगळी गावं वाचतील, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही. काकी आता माझ्याकडून मेल शिकते. रोज सकाळी बांध बघून येते आणि गटावर लिहिते, आज भरती किती, कुठे भेग दिसली. फुलं नाहीत, चहाड्या नाहीत. मग मला फोन करते, 'पोचला का रं सगल्यांना?' मी कचऱ्यात जाऊन वाचतो आणि पोचला म्हणून सांगतो. तिचा पत्ता मी अजून फिल्टरमधून काढलेला नाही, कारण काढला तर लोक विचारतील, ही इतके दिवस कुठे होती.