बाईंच्या नावाचा कुकर

बाई, तुमच्या नावाचा कुकर परत आला, त्याला आता नऊ-दहा महिने होतील. माझ्या ओट्याच्या कोपऱ्यात आहे. तीनदा घासला, लिंबू चोळून खिडकीत उन्हाला ठेवला, तरी झाकण उघडलं की सुक्या बांगड्याचा वास येतो तो येतोच. बाहेरच्या अंगाला, मुठीच्या खाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तुमचं संपूर्ण नाव आहे, आधी ‘कै.’ आणि शेवटी ‘यांच्या स्मरणार्थ’. चातुर्मासात ज्यांच्या घरी कांद्याचं टरफलही उडत येत नसे, त्यांच्या स्मरणाला आता बांगड्याचा दर्प आहे. तुम्ही असतात तर ओठ घट्ट मिटले असतेत आणि मग आत जाऊन एकट्याच हसला असतात. गिरगावातल्या तुमच्या खोलीत स्वयंपाकघर आणि बाहेरची जागा यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता, त्यामुळे तुमचं हसणं आम्हा विद्यार्थिनींना नेहमी ऐकू यायचं. तुम्हाला ते कधी कळलं नाही.

क्रमाने सांगते, विस्कळीत लिहिलेलं तुम्हाला चालायचं नाही. तुम्ही जाताना तुमच्या साठवणीचे पैसे बँकेत ठेवून गेलात आणि एका कागदावर लिहिलंत की दरवर्षीच्या व्याजातून कोकणातल्या तुमच्या बालपणीच्या गावातल्या गरजू बायकांना काहीतरी द्यावं. ते पाहायला तिघांना नेमलंत. एक मी. दुसरी माझ्याच वर्गातली, जी बँकेतून निवृत्त होऊन आता शिवाजी पार्कला राहते आणि अजूनही सगळ्यांशी काउंटरच्या पलीकडून बोलते. तिसरे तुमचे भाचे, गिरगावातले वह्यापुस्तकांचे दुकानदार. कागदाच्या शेवटी एक अट होती: ‘रोख रक्कम कधीही देऊ नये.’ खाली दोन रेघा. दोन रेघा तुम्ही फक्त अक्षम्य चुकांखाली मारायचात, म्हणून आम्ही कारण विचारायच्या भानगडीत पडलो नाही. तुम्ही गेला होतात म्हणा, विचारणार तरी कोणाला.

तर आम्ही गावातल्या त्याच अकरा जणींना वस्तू देत आलो. दिवाळीच्या आधी एक दुपार आम्ही तिघं दादरला जायचो. एका वर्षी चादरी, एका वर्षी बादल्या, आणि चार वेळा कुकर, कारण बँकवालीला तिथे घाऊक सूट मिळे. भांडीवाल्याकडे नाव घालायचं यंत्र होतं. ते दाताच्या डॉक्टरासारखं किर्रकिर्र करत अकरा कुकरांवर अकरा वेळा तुमचं नाव लिही, आणि तुमचे भाचे डोळ्यांना चष्मा चिकटवून प्रत्येक वेलांटी तपासत उभे राहत. मग टेम्पो, गावच्या शाळेचं पटांगण, नारळ, फोटो. फोटोत अकरा बायका कुकर पोटाशी धरून उभ्या असतात. एकही हसत नाही. मला वाटायचं, फोटोची सवय नसेल.

त्यांच्यातली एक गेल्या मे महिन्यात लालबागला भावाकडे आली. तुमच्या भाच्यांच्या दुकानातून तिने माझा पत्ता घेतला आणि परळला माझ्या दारात उभी राहिली. आमची चाळ पाडून तिथे इमारत झाली आहे आणि मी एकविसाव्या मजल्यावर राहते, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. इथून दुपारी सगळं गिरणगाव धुरकट, पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. गिरणीची उरलेली एखादी चिमणी त्यात बुडी मारून वर येते. ती खिडकीशी उभी राहून ते बघत राहिली. पन्नाशीची, बारीक, खांद्याला कापडी पिशवी. मग पिशवीतून कुकर काढून तिने माझ्यापुढे ठेवला.

“ताई, ह्यो घेवा. चवथो असा.”

“मोडला का हो?”

“मोडता कसो? वापरलो तर मोडतलो. चुलीर ठेवलो की काळो जाता. तुमच्या बाईंचा नाव पण काळा जाता. बरा दिसता काय ता?” आणि मग, जरा आवाज उतरवून, “ह्यात सुके बांगडे ठेवलेले. मांजराक उघडूक येणा नाय.”

मी हसले. तीही हसली, आणि हसताना तोंडावर हात घेतला नाही. ते मला खटकलं, कारण फोटोत हिचे ओठ मिटलेले असायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “दात काढून घेतलंय. नवे बसवले.” सरकार आता बायकांच्या खात्यात दर महिन्याला थेट पैसे टाकतं, बाई. मधे तलाठी नाही, दीर नाही, नारळ नाही, फोटो नाही. फोनवर टिंग वाजतं. सहा वर्षं ही एका बाजूने जेवत होती. पहिले काही महिने साठवून तिने तालुक्याला जाऊन दातांचं काम करून घेतलं, आणि घरी येऊन आधी काय केलं, तर ओल्या खोबऱ्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी चावून खाल्ला. आदल्या पावसाळ्यात लावणीला ती मजुरीवर गेली नाही. दर वर्षी दुसऱ्यांची शेतं लावून होईपर्यंत हिचा वाफा मागे पडायचा. “माजी लावणी पयल्यांदा येळार झाली,” असं म्हणाली, आणि परत खिडकीबाहेर बघू लागली. मी चहा टाकायला उठले.

चहा घेताना तिने मुद्द्याचं काढलं. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. जुलैच्या आत वसतिगृहाची रक्कम भरायची, नाहीतर पोरगी काजूच्या कारखान्यात जाणार. तिथे बोलणं झालेलंही होतं. सरकारच्या पैशात ते बसत नव्हतं. “माका एकटीक नको, ताई. सगळ्यांका सारख्याच देवा. पण कुकर नको. तुमका जा देवचा असात, ता खात्यात घाला. आमका काय व्हया, ता आमी बघतो.”

देण्याच्या क्रियापदाला चतुर्थी लागते, हे तुम्ही आम्हाला आठवीत शिकवलंत. घेणाऱ्याला काय लागतं, ते अभ्यासक्रमात नव्हतं. रागावू नका. मी स्वतः घेणारी होते म्हणून बोलते आहे. दहावीच्या वर्षी गिरणीला टाळं होतं, आणि एका दुपारी तुम्ही मला घरी बोलावून तो जाडजूड संस्कृत कोश दिलात. मी तुमच्यासमोर उभी आहे, तुमच्या हाताला खवलेल्या नारळाचा वास आहे, गॅलरीत कोणाची तरी साडी फुगते आणि खोलीभर निळा उजेड पसरून परत जातो. मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, “बाई, ह्याची किंमत किती असेल हो?” तुम्ही मला दारापर्यंत नेलंत आणि शांतपणे म्हणालात, “पैसा संपतो, अगं. वस्तू राहते. किंमत विचारणाऱ्या मुलीला मी हे देत नाहीये.” तरी कोश परत घेतला नाहीत, आणि मी तो छातीशी धरून परळच्या चाळीपर्यंत चालत गेले. वडिलांनी तो हातात तोलून पाहिला आणि विचारलं, “ह्या उकडूचा की भाजूचा?” आई त्याच आठवड्यात शेजारणीच्या दारात रिकामी वाटी घेऊन उभी होती. कोशावर माझा जीव आहे, अजून आहे. पण त्या आठवड्यात तुम्ही मला तुमच्या हातातला अर्धा नारळ दिला असतात तरी चाललं असतं.

जूनच्या एका रविवारी आम्ही तिघं शिवाजी पार्कच्या घरी बसलो. मैदानावरून बॅटचे ठोके येत होते, प्रत्येक ठोक्यानंतर बराच वेळ काहीच नाही, आणि मग कुठून तरी लांबून टाळ्या. मी कुकर परत करणारीची सगळी हकीकत सांगितली. दात, लावणी, मुलगी. तुमच्या भाच्यांनी ऐकून घेतलं आणि खिशातून तुमचा कागद काढला. प्लास्टिकमध्ये घालून घेतला आहे त्यांनी.

“मावशीने दोन रेघा मारल्यात. दोन!”

“हो, पण का मारल्यात?”

“ते तिला माहीत. आणि पैशावर नाव कुठे घालणार? मागे काहीतरी राहायला नको का तिचं?”

“बांगडे राहिलेत,” मी म्हटलं. ते त्यांना आवडलं नाही.

बँकवाली म्हणाली, “अगं, सरकार देतंय ना? मग आपण कशाला त्याच मार्गाने जायचं? आणि नवरे पितील ते वेगळंच. मी तेहतीस वर्षं पासबुकं पाहिली आहेत, मला सांगू नकोस.”

“आता पासबुक बायकोच्या नावावर आहे.”

“नाव तिचं, पण एटीएम कार्ड कोणाच्या खिशात?”

“तिच्या कमरेला. मी पाहिलंय.”

“एकीचं पाहिलंस. उरलेल्या दहांचं?”

उरलेल्या दहांचं मी पाहिलेलं नव्हतं. अजूनही सगळ्यांचं पाहिलेलं नाही. तिने डायरी उघडली आणि म्हणाली, या वर्षी मिक्सर देऊ या का, आणि मला डोळ्यांसमोर ती मुलगी काजूच्या शेगडीपुढे बसलेली दिसली, बोटं काळी पडलेली, आणि घरी फळीवर तुमच्या नावाचा कोराकरकरीत मिक्सर. तेव्हा मी म्हटलं, “बाईंनी मला सांगितलं होतं.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. “कधी?”

“शेवटच्या आठवड्यात. मी एकटी होते त्यांच्यापाशी. म्हणाल्या, ‘दिवस बदलले की ती अट सोडून द्या. बाईच्या हातात पोचत असेल तर रोख द्या.’”

मैदानावर कोणी तरी बाद झालं असावं, मोठा गलका उठला. तुमच्या भाच्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “मावशी असंच बोलायची,” ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “मलाही त्या सुमारास असंच काहीतरी बोलली होती. तेव्हा मला नीट कळलं नव्हतं.” बँकवालीने डायरी मिटली. म्हणाली, “मग इतकी वर्षं गप्प का बसलीस, मूर्खे? चार वेळा कुकर घेऊ दिलेस!” आणि अकरा खात्यांचे तपशील मागवून, दिवाळीची वाट न पाहता जुलैच्या आतच पैसे घालायचं कबूल केलं.

मुलगी गेली, बाई. आता दुसरं सत्र चालू आहे. तिच्या आईने फोन करून सांगितलं की पोरगी सुटीत घरी येते आणि सगळ्यांचे हात धुवायला लावते, आजीचेसुद्धा. अकराही जणी महिन्यातून एकदा मिळून सरकारचे आणि तुमचे पैसे काढायला तालुक्याला बँकेत जातात. त्या दिवशी केसांना नीट तेल लावतात, आबोली माळतात, आणि परतताना एसटी स्टँडवर लिंबू सोडा पितात. सोड्याचे पैसे कोणालाही विचारून खर्च केलेले नसतात, आणि फोनवर तिने नर्सिंगपेक्षा त्याचंच वर्णन जास्त वेळ केलं. एकीने प्लास्टिकची खुर्ची घेतली, अंगणात स्वतःला बसायला. एक बारा वर्षांनी माहेरी जाऊन आली. आणि एकीच्या नवऱ्याने खरोखरच दोन महिन्यांचे पैसे पिऊन टाकले. ते बँकवालीला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण सगळं गोड लिहिलं की तुम्ही समासात प्रश्नचिन्ह काढायचात.

हे पत्र मी पाकिटात घालणार नाही आणि कपाटातही ठेवणार नाही. तुमच्या भाच्यांच्या हाती पडलं तर त्यांच्याकडे आता जी मावशी आहे, ती त्यांच्यापासून हिरावली जाईल. हल्ली ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, शेवटी मावशी काय म्हणाली ते. दर वेळी एखादं वाक्य वाढलेलं असतं, आणि खरं सांगायचं तर वाक्यं तुमचीच वाटतात. दुपारी पडल्या पडल्या मलाही कधी कधी ते दिसतं. पांढरी खाट, पडद्यावर हलणारी सावली, आणि तुम्ही मान वळवून म्हणता, रोख द्या. मी उठून बसेपर्यंत मला ते आठवत असतं.

तुम्ही तसं काही म्हणाला नव्हतात. त्या आठवड्यात तुम्ही मला ओळखतही नव्हतात. मला तुमची आई समजत होतात, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होतात: “आई, बाबांची मनिऑर्डर आली ना? पुन्हा काकांनीच सही केली? तुझ्या हातात काहीच नाही दिलं?” त्या दोन रेघा कुठून आल्या ते मला तेव्हा कळायला हवं होतं. कळलं नाही. नर्स दारातून खुणावत होती की यांना झोपू द्या. म्हणून मी म्हटलं, “दिले गं. सगळेच्या सगळे, माझ्याच हातात दिले.” तुम्ही माझे दोन्ही तळवे उलटून पाहिलेत, ते रिकामे होते, आणि तरी तुम्ही समाधानाने डोळे मिटलेत. जूनमधल्या त्या रविवारी दोघांसमोर जे बोलले, ते माझं दुसरं खोटं होतं, बाई. पहिलं तुमच्याशीच बोलले होते.