संपादक बाईचा सवाल

दोन पत्रं धाडली, दोन्ही बारीला उत्तर सूनबाईचं. तुझे हात काय मोडलेत?

गहिनीनाथ, आईचा आशीर्वाद. पुण्यात तुझ्या लेकीकडं, तेजश्रीकडं माझं बरं चाललंय, गुडघा गप हाय. म्हैस व्याली का?

माझ्या आठवणींच्या पुस्तकाचं काम मातुर आडलंय. संपादक बाई लई बारीक नजरेची. म्हणाली, "आजी, तुमची लेक शिवकन्या सासरी तापानं गेली असं लिहिलंय. मग तिच्या भावानं मयतावर घालायला नेलेली साडी तशीच परत का आली?"

साडी तूच नेलतीस, तूच परत आणलीस. तीस वर्सं मी इचारलं न्हाई.

आता इचारते. चौसाळ्यात, तिच्या सासरी, तुला तिचं तोंड तरी बघू दिलं का? तेवढं पान कोरं ठिवलंय.

तुझी आई.

उत्तर तूच लिहायचं. सूनबाईनं पेनाला हात लावायचा न्हाई.